माझा टीपॉय, भावाचं नाव

आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सला आम्ही दोनच मुली होतो, आणि सौंदडहून रेल्वेनं गोंदियाला जाणारी मी एकटी. पहिल्या वर्षाला असतानाच मला टीपॉय उजळवायची हौस आली. घरात एक जुना सागवानी टीपॉय पडून होता, वरची फळी तडकलेली. ती काढून मी काच बसवली, काचेखाली पांढऱ्या एलईडी लावल्या आणि मोटारसायकलच्या जुन्या बॅटरीवर त्या चालवायचं ठरवलं.

पहिली एलईडी थेट बॅटरीला जोडली, तशी ती फटकन फुटली. मध्ये करंट आवरायला रेझिस्टर लागतो हे वर्गात शिकवलं असेलही. पण सर फळ्याशी बोलायचे आणि आम्हा दोघींना मागच्या बाकावर बसवायचे. गोंदियाच्या बाजारात रेझिस्टर मागितले तर दुकानदार म्हणाला, “बहनजी, भैया को भेज दो, समझ के ले जाएगा.” माझ्या धाकट्या भैयाला टॉर्चमध्ये सेल कुठल्या बाजूनं घालायचे ते कळत नव्हतं, आणि कळत नसल्याचं त्याला दुःखही नव्हतं. मी रेझिस्टर घेऊनच आले. तीन-तीन एलईडींच्या ओळी केल्या, सोल्डरिंगचे डाग देताना बोटं भाजून घेतली आणि एका संध्याकाळी काच उजळली. मी हरखून गेले. बाबा म्हणाले, “हे कायले करून राहिली? वेळ जास्त झाला का तुले?”

मग कोहमाऱ्याकडचे पाहुणे मला पाहायला येणार असं ठरलं, आणि त्याच टीपॉयचा भाव एकदम वधारला. बाबांनी स्वतः तो पुसून बैठकीत मधोमध मांडला.

पाहुणे यायला अंधार झाला. ते टेकले आणि लोडशेडिंग सुरू झालं. आई कंदील शोधायला निघाली, पण बाबांनी मोठ्या ऐटीत टीपॉयचं बटण दाबलं. खालून उजेड आला नि सगळ्यांच्या हनुवट्या आणि नाकपुड्या तेवढ्या उजळल्या. मुलाची आई डोळे बारीक करून माझ्याकडे बघत बसली. ज्यासाठी आली होती तेच तिला दिसेना. “पोरीचा रंग काही समजून नाही राहिला,” ती माझ्या आईला म्हणाली. मला मनापासून समाधान वाटलं. मुलगा शेव खात होता. त्याला काय समजलं कोण जाणे.

मुलाचा मामा मात्र टीपॉयवरच भाळला. वाकून पाहिलं, काचेवर टिचक्या मारल्या, मग विचारलं, “कोणं बनवला?”

मी तोंड उघडणार तोच बाबा म्हणाले, “आमच्या पोरानं.”

भावानं मान खाली घातली, आणि सगळ्यांना तो विनय वाटला. मामानं त्याची पाठ थोपटली. हे कशावर चालते, असं विचारल्यावर आमचा विनयशील कारागीर म्हणाला, “करंटवर.”

बाबांना मी ओळखून होते. हातात सोल्डरिंगचं तापलेलं आयर्न धरणारी पोरगी समोरच्यांना डोईजड वाटली असती. म्हणून शेत जितक्या सहज त्याच्या नावावर करणार होते, तितक्याच सहज त्यांनी टीपॉयही करून टाकला.

चहा संपता संपता होकाराचा सूर लागला. मुलाची आई म्हणाली, “रंगाचं काई नाई. पण आंदणात असाच लाईटवाला दिवाण द्या, भाऊ. तुमच्या पोराच्याच हातचा.”

“देऊ ना,” बाबा लगेच म्हणाले. म्हणताना त्यांनी भावाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. किती दिवस लागतील, असं विचारल्यासारखं.

म्हणजे माझ्या लग्नाचा दिवाण मीच बनवायचा, भावाच्या नावानं सासरी न्यायचा, आणि जन्मभर त्यावर बसून त्याचं कौतुक ऐकायचं. मी कप गोळा करायला वाकले आणि बॅटरीची वायर ओढून काढली. बैठकीत गुडूप अंधार झाला.

“तुमचा पोरगा कुठं आहे? पाहा म्हणा त्याले काय झालं ते,” मामा म्हणाला.

भाऊ उठला. टीपॉयला त्याचा गुडघा आपटल्याचा आवाज आला. काचेखाली तो बराच वेळ चाचपडत होता आणि सगळे त्याची वाट पाहत होते.

“ताई,” शेवटी तो म्हणाला, “कोणती वायर कुठं लावू?”

मी कप घेऊन बाबांच्या दिशेला वळले. आता काय सांगायचं ते बाबांनी सांगायचं होतं.