दोन आठवडे दूध बंद

जेवण झालं की लेकीचं पोट फुगायचं, दुखायचं. सहा वर्षांची पोर पाय पोटाशी घेऊन सोफ्यावर पडून राहायची. डॉक्टर म्हणाली, दुधातली साखर पचत नसेल कदाचित. दोन आठवडे दूध आणि दुधाचं सगळं बंद करा, काय खाल्लं आणि कधी दुखलं ते रोज लिहा, मग बघू. मी पडले इंजिनिअर. लिहा म्हटलं की मला हुरूप येतो. त्याच संध्याकाळी फ्रीजवर तक्ता लागला.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून आले तर लेकीच्या ओठांवर पांढरी मिशी. नागपूरहून सहा महिन्यांसाठी इथे परदेशात आमच्याकडे आलेल्या सासूबाईंनी तिला पेलाभर ताक दिलं होतं.

"आई, दूध बंद सांगितलंय ना डॉक्टरांनी?"

"अगं, मग दूध कुठे दिलं? ताक आहे ते. उन्हातून आली पोर कॅम्पवरून, पोटाला थंड."

त्यांना खरंच तसं वाटत होतं, हे आज कळतं. तेव्हा माझं डोकं फिरलं. दही, ताक, तूप, पनीर, पेढे अशी यादी मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली, बालवाडीत शिकवतात तशी. लेक तिथेच उभी होती. "नाही देणार हो," त्या म्हणाल्या. माझा विश्वास बसला नाही.

मग मी डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केला. चहापुरतं दूध घरात लागायचंच. त्या कॅनवर मी मार्करनं बारीक रेघ मारून ऑफिसला जायचे. परत आल्यावर दूध रेघेच्या बोटभर खाली. सासूबाईंचा चहा दोनदा, नवऱ्याचा एकदा, मग बाकीचं गेलं कुठे? सिंकमधले पेले मी हुंगून पाहिले. पापा घ्यायच्या निमित्तानं लेकीचं तोंडसुद्धा हुंगलं. हे लिहिताना लाज वाटते, पण हुंगलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तिचं पोट दुखलं. तिच्या पोटावरून हात फिरवायच्या आधी मी सासूबाईंकडे वळले.

"काय दिलंत तिला?"

"देवाशप्पथ, काही नाही गं."

"शी डिडन्ट गिव्ह मी एनीथिंग," लेक म्हणाली. आजीनंच पढवलं असणार, असं मला वाटलं. "यार, पुरे आता," नवरा म्हणाला, तर मला त्याचाही संशय यायला लागला. त्या दिवसापासून नात जेवायला बसली की सासूबाई उठून आपल्या खोलीत जायच्या. मला त्यातही काहीतरी काळंबेरं दिसायचं.

पाचव्या दिवसापासून मात्र दुखणं थांबलं. मी रोज विचारायचे, ती रोज "नो" म्हणायची, आणि मी तक्त्यात ठसठशीत अक्षरांत 'नाही' लिहायचे. बाराव्या दिवशी नवऱ्याला म्हटलं, "बघ, लक्ष ठेवलं तर पडला ना फरक?" सासूबाई पलीकडे भाजी निवडत होत्या.

तेराव्या दिवशी तिला समर कॅम्पहून आणायला मी गेले. तिथली शिकवणारी मुलगी काळजीनं म्हणाली, हिचं पोट लंचनंतर जवळजवळ रोज दुखतं, आज जरा जास्तच दुखलं. तुम्हाला माहीत आहे असं हीच म्हणाली, म्हणून फोन केला नाही.

लंचचा डबा रोज मी भरत होते. दुधाचा थेंब नसलेला, प्रत्येक पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून भरलेला. म्हणजे दुखणं थांबलंच नव्हतं, आणि त्यात आजीचा हातही नव्हता. तक्त्यातले ते सगळे 'नाही' खोटे होते.

गाडीत बसल्यावर विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"बिकॉज मग तू आजीला ओरडतेस."

मला रडू फुटलं. म्हटलं, "नाही ओरडणार गं राणी. कधीच नाही. आपण घरी जाऊन आजीला सॉरी म्हणू, प्रॉमिस." तिनं मान हलवली. मी डोळे पुसले, आवाज शक्य तितका मऊ केला. "आत्ता दुखतंय का?"

मागच्या सीटवरून तिनं आरशात आधी माझा चेहरा नीट न्याहाळला. मग म्हणाली, "नो."