शिंगाच्या मुठीचा चाकू

निजामाच्या अमलात बार्शीच्या बाजाराला जायचं तर येडशीजवळ करोडगिरीच्या नाक्यावर गाडी थांबवून जकात भरावी लागे. तिथल्या जवानाशी माझी ओळख झाली ती अशी जाता-येता.

त्याच्या खिशात शिंगाच्या मुठीचा मिटता चाकू असे. लोहाराला हाताचं माप देऊन खास घडवून घेतलेला. कुणी पेरू दिला की तो चाकू उघडायचा, सदऱ्याला पुसायचा, कौतुकानं मांडीवर ठेवायचा आणि पेरू दातानं फोडायचा.

"अहो, मग चाकू कशाला बाळगता?" मी विचारी.

"अशी नामी चीज पेरूवर झिजवायची व्हय? वा!"

एकदा त्यानं ऊस असाच दातानं सोलायला घेतला आणि कट्‌कन आवाज झाला. पुढचा अर्धा दात हातात आला. मला वाटलं, आता तरी चाकूला काम मिळणार. मिळालंही. त्यानं चाकू उघडला, पातं तोंडासमोर धरलं आणि त्या लखलखीत पात्यात तुटका दात सगळ्या बाजूंनी न्याहाळला. मग चाकू मिटून खिशात टाकला.

"बगा," तो त्या फटीतून हसत म्हणाला, "रोज पेरू कापले असते, तर इतकं साफ दिसलं असतं व्हय?"