नव्याला जुनं दाखवू नये

‘जुन्याला आधी भाईर न्ह्या. नव्यानं त्येला बघितलं न्हाय पायजे.’

झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीच्या दारात, सीपीयू पोटाशी धरून उभी असताना मी हे ऐकलं. आत कुणी आजारी असावं असंच वाटलं. मग एक गिऱ्हाईक वर्तमानपत्रात गुंडाळलेली हार्ड डिस्क घेऊन बाहेर आलं आणि बाकावर ठेवून, हात पुसत परत आत गेलं.

बोलणारे ते उचगावचे मामा. कोल्हापुरातली सगळी राजारामपुरी त्यांना मामाच म्हणायची. कॉम्प्युटर आले तेव्हा पन्नाशी उलटलेली; त्याआधी सगळं आयुष्य उद्यमनगरात इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेलं. तिथली एक सवय सुटली नव्हती. डिस्क चालू करायची, स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्यावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. त्या वेळी खोलीत कुणी बोलत नसे.

माझी जुनी डिस्क त्यांनी अशीच ऐकली. बराच वेळ. मग म्हणाले, ‘ही गेली, ताई. नुसती फिरतीया.’

मी काय केलं होतं ते त्यांनी विचारलं. मी इंग्रजी शाळेतली, चारचौघांत तोंड उघडायचं तर आधी मनात वाक्य जुळवणारी. तुटक तुटक सांगितलं. जुनी डिस्क कटकट आवाज करू लागली म्हणून दुप्पट मोठी आणली. घरीच जुनीवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवलं. दोन्ही जोडलेल्या ठेवूनच मशीन सुरू केलं, ते झालं. आठवड्यानं जुनी काढली, तर नवी निळ्या पडद्यावर येऊन थांबली. लॉगिनचं नाव विचारेना, पुढे जाईना. घाबरून जुनी परत जोडली, तर तीही वाचता येईना.

‘हितंच चुकतंय सगळ्यांचं,’ मामा म्हणाले. ‘उठल्या उठल्या नव्यानं जुन्याला बघितलं. आता जुनं न्हाय तरी ते त्येच्याच घराचं दार वाजवत बसलंय.’

 आमच्या घरातही तसंच चाललं होतं. जाण्याच्या आदल्या वर्षी बाबांनी मशीन सुरू होतानाच्या आवाजाच्या जागी स्वतःचा आवाज भरला होता. मी कॉलेजातून येऊन बटण दाबलं की बाबा विचारायचे, ‘आलीस का गं?’ ते शेजारच्या खोलीत असायचे, तरी मी लाजून कधी उत्तर दिलं नाही. ते गेल्यावर आई रोज पाच वाजता ते बटण दाबायची आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. बाबांचा दुसरा कुठलाही आवाज आमच्याकडे नव्हता.

हे मी मामांना सांगितलं नाही. त्यांनी जुनी डिस्क बाहेर पाठवली, फ्लॉपी घातली, एक ओळ टाइप केली. नवीवर पडलेली जुनी खूण पुसली, म्हणाले. फ्लॉपी काढून बटण दाबलं. निळा पडदा आला, थांबला. मामांनी मूठ कानाला लावली.

‘आलीस का गं?’

गिऱ्हाईक दचकून दाराकडे वळलं. कोण बोललं म्हणून विचारू लागलं. मामांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि त्याला म्हणाले, ‘त्यांच्या घरचं माणूस हाय.’ गिऱ्हाईक लगेच काहीतरी आठवल्यासारखं निघून गेलं.

सीपीयू माझ्या हातात देताना ते हळूच म्हणाले, ‘माणूस इचारतंय, ताई. बोलावं की.’

पुढे मामा गेले तेव्हा मी कोल्हापुरात नव्हते. त्यांच्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं विकतात. अजूनही नवी डिस्क बसवताना मी जुनी कागदात गुंडाळून आधी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवते. कामावरची बरोबरची मुलं हसतात.

त्या दिवशी घरी पोहोचून सगळ्या वायरी जोडल्या तेव्हा पाच वाजत आले होते. आई स्वयंपाकघरात भांडी घासत होती. मी बटण दाबलं. बाबांनी विचारलं. आतला नळ बंद झाला.

‘हो बाबा,’ मी म्हणाले, ‘आले.’