आमेन म्हणण्याआधी

बाथरूमची कडी अडकली तेव्हा मी आत होते आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. घरात दुसरं कोणी कधीच नसतं. नवीन पनवेलमधला तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके, चव्वेचाळीस वर्षांची मी आणि देव, एवढाच आमचा संसार. शनिवारची सुट्टी होती. मोबाईल बाहेर चार्जिंगला लावलेला. आंघोळ करून गाऊन चढवला, कडी सरकवायला गेले तर ती हलेना. आधी हसू आलं. मग कडीला साबण लावून पाहिला, मग्याने ठोकून पाहिलं, दाराला खांदा दिला. दार आतल्या बाजूला उघडणारं, त्याला आतून ढकलून काय होणार? हे डोक्यात शिरलं आणि माझी पाचावर धारण बसली.

भीतीची आणि माझी चांगली ओळख आहे असं मला वाटायचं. तळोज्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मी काम करते. तिथे टाकी साफ करायला माणूस आत उतरतो तेव्हा दुसरा एक माणूस टाकीच्या तोंडाशी उभा असतो. त्याने काही करायचं नसतं. थोड्या थोड्या वेळाने आतल्याला हाक मारायची, आतून ओ आली नाही तर भोंगा वाजवायचा, आणि काही झालं तरी स्वतः आत उतरायचं नाही. एक आत, एक बाहेर. नवीन पोरांकडून हा नियम मी स्वतः घोकून घेतलेला आहे. त्या दिवशी ओल्या फरशीवर बसल्या बसल्या मला तोच आठवत राहिला, कारण माझ्या दाराबाहेर कोणीच उभं नव्हतं. रविवारी चर्चमध्ये दिसले नाही तर बरं नसेल म्हणतील, सोमवारी कामावर दिसले नाही तर कोणीतरी फोन करेल, मंगळवारी कोणाला तरी काळजी वाटेल, असा हिशेब मी बोटांवर केला.

प्रार्थना सुचली नाही. एरवी मी प्रार्थनेत भलतीच बोलकी, पण तेव्हा 'प्रभू' म्हटलं की पुढचं वाक्यच सापडेना. मग गाणं आठवलं. चर्चच्या क्वायरमध्ये मी अल्टो गाते. अल्टो म्हणजे गाण्याची मूळ चाल नव्हे, तिच्या खालून चालणारी दुसरी. ती एकटीच ऐकली तर बाईचं डोकं फिरलंय असं कोणालाही वाटावं. खिडकीच्या फटीला तोंड लावून मी तीच जीव खाऊन गायला लागले. दुपार होत आली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला तसंच वाटलं आणि ती वर आली.

ही शेजारीण कोनकडची आगरी बाई. जमीन हायवेला गेली, त्या पैशांत दोन फ्लॅट आले, एकात ती राहते आणि दुसरा भाड्याने देते. तिने वॉचमनकडून माझं पुढचं कुलूप तोडवलं, बाथरूमच्या दाराला बाहेरून दोन लाथा घालायला लावल्या, मला पाणी पाजलं आणि स्क्रू ड्रायव्हर मागवून कडीच उपटून काढली.

"एकटीच ऱ्हातेस ना तू? मंग कडी कशाला लावतेस? आता नाय लावायची."

मी हसले. पण भीती कडीबरोबर निघाली नाही. आंघोळीला जाताना दार सताड उघडं ठेवायला लागले, मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नळाला टांगायला लागले. लिफ्टने जाणं सोडलं. घास गिळताना वाटायचं, हा अडकला तर?

याहून मोठी भीती वेगळीच होती आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. लग्न न केलेल्या बाईला आमच्या चर्चच्या मंडळीत दोन प्रश्न हमखास विचारतात. का केलं नाही, आणि एकटं वाटत नाही का? पहिल्यावर मी थट्टा करते, दुसऱ्यावर मी नेहमी सांगत आले की ख्रिस्त मला पुरतो. हे दाखवायला म्हणत नव्हते. सकाळी गॅलरीत चहा घेऊन बसावं, समोर इमारतींच्या फटीतून कर्नाळ्याचा सुळका दिसतो तो पाहावा, प्रभूशी चार गोष्टी बोलाव्यात, रविवारी संडे स्कूलची पोरं अंगावर येऊन पडावीत, क्वायरमध्ये चार वेगवेगळ्या चाली एका क्षणी नीट जुळाव्यात, यात माझं मन खरोखर भरून यायचं. कितीतरी संसारी बायकांपेक्षा मी सुखी आहे असं वाटायचं, आणि ते मनातल्या मनात ठेवायची अक्कलही होती. मग त्या फरशीवर तो का पुरला नाही? इतकी वर्षं मी स्वतःशीच नाटक करत होते की काय?

गुरुवारी महिला मंडळाची सभा होती, पाळकबाईंच्या, म्हणजे आमच्या पाद्रींच्या पत्नीच्या घरी. आमचा क्रम ठरलेला: गीत, वचन, साक्षी, प्रार्थना आणि मग बटाटेवडे. साक्षीच्या वेळी मी कडीची गोष्ट सांगितली. देवाने सोडवलं म्हणून आभार मानायचे होते, पण सांगता सांगता रडू फुटलं आणि मला फार भीती वाटते असं बोलून गेले. मंडळातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईंना आम्ही सगळ्या मावशी म्हणतो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना सुरू केली. मावशींची प्रार्थना लांब असते. पनवेलच्या पाणीटंचाईपासून सुरू होऊन जगभर फिरून ती परत येते, तोवर निम्म्या बायकांचं लक्ष वड्यांकडे गेलेलं असतं. माझंही गेलं होतं. शेवटाकडे त्या म्हणाल्या, "आणि प्रभू, उरणच्या माझ्या भाच्याची बायको तू नेलीस, या लेकीला कोंडून तू तिचं एकटेपण दाखवलंस, ही तुझीच योजना. या दोघांची गाठ तू बांधलीस आणि ही ती आनंदाने स्वीकारते आहे, म्हणून तुझे आभार."

सगळ्या म्हणाल्या, आमेन. मीही म्हणाले.

ज्यांनी आयुष्यभर डोळे मिटून, मान खाली घालून प्रार्थना ऐकल्या आहेत त्यांनाच हे कळेल. प्रार्थनेच्या मध्ये कोणाला अडवायचं नसतं, आणि ती संपली की आमेन जांभईसारखं आपोआप येतं. मी डोळे उघडले तर सगळ्या माझ्याकडे पाहून हसत होत्या. कशाला हो म्हटलं ते तेव्हा कळलं. तोंड उघडणार इतक्यात पाळकबाईंनी वडा भरवला. घरी पोचेपर्यंत चर्चच्या ग्रुपवर जोडलेले हात आणि केकची चित्रं यायला लागली होती.

तेव्हाच नाही म्हणायचं, असं आता कोणीही म्हणेल. पण आमेन म्हणजे तसंच होवो, आणि ते मी देवासमोर म्हटलेलं. ते परत कसं घेतात? शिवाय माझ्या आतली भेदरलेली बाई सांगत होती की दाराबाहेर उभं राहायला माणूस मिळतोय, मुकाट्याने घे. कदाचित देवानेच कडी अडकवली असेल, आणि मी नाही म्हटलं तर पुढच्या वेळी तो सोडवायला येणार नाही. असल्या देवावर माझा आधी कधी विश्वास नव्हता. घाबरलेल्या माणसाचा कशावरही बसतो.

पाळकबाईंनी माझी आणि मावशींच्या भाच्याची भेट घडवून आणली आणि आमच्यापुढे चहा ठेवून त्या आत गेल्या त्या बाहेरच येईनात. माणूस भला होता. द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर, इस्त्रीचा शर्ट, मोठा आवाज मुद्दाम बारीक केलेला. माझ्याइतकाच अवघडलेला. म्हणाला, घरात शिरलो की आधी टीव्ही लावतो, बघत नाही, नुसता आवाज असावा म्हणून. माझे डोळे भरून आले. त्या एका वाक्यावर मी हो म्हटलंही असतं. पण मी विचारलं की तुम्हाला लग्न कशासाठी करायचंय. त्याने कप बशीत फिरवला.

"खरं सांगू? घरी एकट्याला भीती वाटते हो."

हे ऐकून धीर यायला हवा होता, पण मला दरदरून घाम फुटला. आम्ही दोघंही टाकीच्या आत होतो. बाहेर उभं राहून हाक कोण मारणार होतं? पण मी नाही म्हणायच्या आतच पाळकबाई बाहेर आल्या आणि लग्न ठरलंच.

आमच्याकडे लग्न ठरलं की सलग तीन रविवार चर्चमध्ये त्याची घोषणा होते. पाळक दोघांची नावं, गावं, चर्च वाचतात आणि म्हणतात, या विवाहाला कोणाची योग्य हरकत असल्यास त्यांनी ती सांगावी. मग थोडा वेळ थांबतात. तेवढ्या वेळात फक्त पंखे ऐकू येतात. हरकत घेतलेली कोणी कधी पाहिलेली नाही. पहिल्या रविवारी ते पंखे ऐकताना माझे कान तापले. दुसऱ्या रविवारी मी उपासनेनंतर धीर करून पाळकांकडे गेले आणि सांगितलं की मला हे लग्न नको वाटतंय. त्यांनी प्रेमाने ऐकलं. लग्नाआधी सगळेच घाबरतात, म्हणाले, मी स्वतः घाबरलो होतो, शिवाय हॉल ठरलाय. मग हात जोडून त्यांनी माझ्या मनातल्या शंका दूर व्हाव्यात म्हणून प्रार्थना केली. आणि मी, देवा रे, मी पुन्हा आमेन म्हणाले. बाहेर येऊन चपला घालताना मला स्वतःच्या तोंडाची भीती वाटायला लागली.

तिसऱ्या रविवारी तो मावशींबरोबर आला होता आणि पुढच्याच बाकावर बसला होता. आम्ही क्वायरवाले बाजूला, लोकांकडे तोंड करून. त्यामुळे मला सगळे दिसत होते आणि मी सगळ्यांना. पाळकांनी कागद उघडला. त्यांनी नावं वाचली, हरकतीचं वाक्य म्हटलं आणि थांबले. पंखे फिरत होते. मी शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला.

"माझी हरकत आहे."

पाळकांनी चष्मा काढला. "तुमची?"

"हो. माझीच."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मावशींचा चेहरा मी पाहिला नाही, हिंमतच झाली नाही. आणि पाळकांनी तेच केलं जे आमचे पाळक काही सुचेनासं झालं की करतात. आपण प्रार्थना करू या, म्हणाले. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. त्यांनी प्रार्थना केली की या भगिनीमधला भीतीचा आत्मा जावो आणि देवाने तिच्यासाठी निवडलेल्या वाटेवर ती परत येवो. सगळं चर्च म्हणालं, आमेन.

मी ओठ दातांखाली धरले होते, इतके की रक्ताची चव आली. एरवी एखादी म्हणाली नाही तर कोणाला कळत नाही. त्या दिवशी कळलं. एकेक करून माना वर झाल्या आणि माझ्याकडे वळल्या. म्हणून मी डोळेच मिटून घेतले आणि मोठ्याने बोलायला लागले.

"प्रभू, मला भीती वाटते. आत अडकले तेव्हा वाटली, आत्ता त्याहून जास्त वाटते आहे. पण मी रिकामी नाही. मला कधी रिकामं वाटलं नाही, हे तुला माहीत आहे. भीतीपोटी मला या भल्या माणसाच्या घरात पाठवू नकोस, आणि त्यालाही माझ्या घरात नको. आम्हा दोघांनाही हाक मारणारं कोणीतरी दे."

मी थांबले. कोणीच काही म्हणेना. मला वाटलं, आता ही प्रार्थना अशीच लटकत राहणार आणि मी हिच्याखाली मरणार.

"आमेन."

पुढच्या बाकावरून आवाज आला. गोदामात माणसांना हाका मारायचा आवाज, यावेळी बारीक न केलेला. मी डोळे उघडले तेव्हा त्याचे मिटलेलेच होते. मग मागून एक, बाजूने एक, असे बाकीचे म्हणाले. मावशी म्हणाल्या नाहीत. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

भीती गेली असं लिहिलं तर ते खोटं होईल. घास अजून जपून गिळते. पण त्याच रविवारी घराची दुसरी किल्ली मी शेजारणीला नेऊन दिली, टाकीचा नियम समजावून सांगितला, आणि रोज सकाळी एक हाक मारशील का म्हणून विचारलं. तिला काही नवल वाटलं नाही. हाक मारायला काय पैसे पडतात, म्हणाली. आता सकाळी माझा नळ सुरू झाला की ती खालच्या खिडकीतून ओरडते, "हायस का गो?" उघड्या दाराच्या बाथरूममधून मीही ओरडते, "हाय." मग तिच्या खिडकीची काच सरकल्याचा आवाज येतो आणि मी आंघोळ करते.