माणूस लागणारं इंजिन

भाऊजी गेल्याचा निरोप मला विरारच्या गिरणीत मिळाला. वीज गेलेली, गिरणीवाला डिझेल इंजिनाला हँडल मारून मारून घामाघूम झालेला आणि आम्ही बायका दळणाचे डबे घेऊन ताटकळत उभ्या. तेवढ्यात आमचे हे सायकलवरून धापा टाकत आले आणि म्हणाले, "घरी चल. सांडोरचे दामूभाऊजी गेले." मी दळणाचा डबा तिथेच खाली ठेवला. गिरणीवाल्याच्या हातात हँडल तसंच राहिलं. "अरे देवा," तो म्हणाला, "उद्या त्यांनाच बोलावणार होतो मी, हे दाखवायला!" त्या घटकेला मला त्याचा असा राग आला की काय सांगू. आता वाटतं, बिचारा खरं तेच बोलला. भाऊजींबद्दल इतक्या थोडक्यात इतकं बरोबर नंतरच्या सगळ्या भेटायला येणाऱ्यांत कुणीच बोललं नाही.

दामूभाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सांडोरला त्यांची केळीची आणि भाजीची वाडी. त्या दिवशी सकाळी वाडीतून आले, ओटीवर बसले, पाणी मागितलं, आणि ताई तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं आटोपलेलं. ना आजार, ना दवाखाना. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि मला मात्र घरी आल्यावर काही सुचेना, म्हणून लिहायला बसले. आमच्या घरात वाडवळी बोलतात; इथे सगळ्यांना कळावं म्हणून बहुतेकांचं बोलणं सरळ करून लिहिते आहे. भाऊजी असते तर म्हणाले असते, "मेहुणीला भलतीच अक्कल आली!"

या माणसाला इंजिनांचं वेड होतं, आणि स्वतःकडे इंजिन नव्हतं. सत्तरनंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडच्या विहिरींवरचे रहाट एकेक करून उतरत होते आणि त्यांच्या जागी इंजिनं बसत होती. कंपन्यांची नावं कुणाच्या जिभेवर बसत नसत, आम्ही रंगावरून ओळखायचो. हिरवं जड, मोठ्या चाकाचं, धीम्या चालीचं, एकदा सुरू झालं की दिवसभर बघायला नको. राखाडी होतं ते जपानी बनावटीचं, दोरी ओढून पेट्रोलवर पेटायचं आणि मग रॉकेलवर धावायचं. दोघांनी उचलून या विहिरीवरून त्या विहिरीवर न्यावं इतकं हलकं. आणि तांबडं… तांबडं दिसायला नवरीसारखं आणि स्वभावाने सासूसारखं, असं भाऊजी म्हणायचे. हे ते ताईच्या सासूबाई हयात असताना, त्यांच्या देखत म्हणायचे.

वाडीतलं काम उरकलं की भाऊजी सायकल काढायचे. निर्मळ, नाळे, आगाशी, जिथे म्हणून फटफट ऐकू येईल तिथे उतरायचे. इंजिनाच्या कट्ट्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवायचे आणि पाणी किती हिंदकळतं ते टक लावून बघायचे. खिशातला पांढरा रुमाल धुराच्या नळकांड्यासमोर धरायचे. रुमाल जितका काळा, तितकं डिझेल फुकट चाललंय, असा त्यांचा हिशेब. मग घरी येऊन ताईसमोर दोन रुमाल पसरायचे, "हा हिरव्याचा, हा तांबड्याचा. फरक बघ!" ताई म्हणायची, "बघितला. आता दोन्ही तुम्हीच धुवा." इंजिन कसं आहे हे मालकाला ते कधीच विचारत नसत. मालकाने हौसेने आणलेलं असतं, तो कशाला वाईट म्हणेल? ते सरळ मालकिणीला विचारायचे, "वहिनी, सकाळी सुरू करताना हे किती शिव्या देतात?" ती हसत हसत खरं ते सांगून टाकायची.

माझं लग्न मुंबईत एका जिमखान्यावर लागलं. मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ आणि भाऊजी गायब. ताईचा चेहरा असा झाला की भटजीसुद्धा बिचकले. शेवटी सापडले ते मागच्या हिरवळीवर, नव्या कोटात, गुडघे टेकून, माळ्याच्या गवत कापायच्या यंत्रापाशी. अक्षता टाकायला आले तेव्हा कोटाला गवताच्या काड्या, आणि आशीर्वाद द्यायचा सोडून माझ्या कानाशी काय म्हणाले असतील? "कुसुम, एवढंसं इंजिन, पण झकास चालतं! सांडोरला उपयोग नाही म्हणा, आपल्याकडे बकरी आहे." माझ्या लग्नाच्या फोटोत सगळे पाहुणे नटूनथटून उभे आहेत, आणि कडेला भाऊजी, हातात काळाकुट्ट रुमाल.

लांबलांबून लोक सल्ला विचारायला यायचे. कुणाची विहीर खोल, कुणाची वाडी चढाची, कुणाला विहिरीबरोबर हाताने धरून चालवायचा छोटा ट्रॅक्टरही हवा. ज्याला जे लागेल ते भाऊजी नेमकं सांगायचे, आणि त्यांनी सांगितलेलं इंजिन कधी कुणाला फसलं नाही. मग स्वतः का घेत नव्हते? विचारलं की खोड काढायचे. हिरव्याला कट्टा मोठा लागतो, राखाडीला रेशनचं रॉकेल पुरत नाही, तांबड्याचं तर नावच नको. खरं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, तोंडाने कुणी बोलत नव्हतं एवढंच. कारण होतं रघू.

रघू भाऊजींचा धाकटा भाऊ. लहानपणी ताप डोक्यात गेला, तेव्हापासून बोलणं धीमं, पैशांचा हिशेब जमत नसे, बाजारात पाठवलं की कुणीही गंडवावं. एकदा वसईच्या एका कारखान्यात त्याला चिकटवला होता. जेवणाच्या सुट्टीत जो बाहेर पडला तो चालत घरी आला आणि थेट रहाटावर जाऊन बैलामागे चालू लागला. ते काम त्याला जमायचं. सकाळी बैल जुंपायचा आणि त्याच्यामागे गोल, गोल, गोल. गाडगी भरून वर यायची, पाट वाहायचा. संध्याकाळी ओटीवर पाय पसरून म्हणायचा, "आज सगळ्या वाडीला पानी पाजलं." त्या बोलण्यावर भाऊजी खूश असायचे. शेजारच्या पास्कूमामांकडे इंजिन आलं तेव्हा त्यांच्या रहाटावरचा गडी दुसऱ्या दिवसापासून दिसेनासा झाला, हे भाऊजींनी पाहिलं होतं. गड्याला दुसरं घर मिळतं. रघूला कोण घेणार होतं? आणि घरात बसून खाणारा म्हणून त्याच्यापुढे ताट सरकवलं जातंय, हे भाऊजींना जन्मात बघवलं नसतं. म्हणून रघू जवळपास असला की ते मुद्दाम मोठ्याने इंजिनांची निंदा करायचे.

यात ताईचंही काय चुकत होतं? ऐन उन्हाळ्यात रहाटाचं पाणी शेवटच्या केळींपर्यंत पोचायचंच नाही. कुंपणापलीकडे पास्कूमामांची बाग हिरवीगार, अलीकडे आमची पानं पिवळी. "माझी केळी सुकतायत आणि तुम्ही रुमाल काळे करत हिंडा," असं ती म्हणायची. पण रघू समोर असला की तीही गप्प बसायची. ताई फटकळ आहे, पण तिच्या तोंडून त्या दिराला लागेल असा शब्द मी आजवर ऐकला नाही.

मग एका उन्हाळ्यात बैल बसला तो उठेना. वयच झालं होतं त्याचं. मी तेव्हा ताईकडे गेले होते. दुपारी सगळे जेवायला बसलो आणि भाऊजींनी नेहमीचं सुरू केलं, हिरवं असं, राखाडी तसं, तांबडं मेलं फुकट दिलं तरी नको. "आपला बैलच बरा," ते म्हणाले. "उद्या जाऊन एक चांगलासा बघून येतो."

रघूने भात कालवायचा थांबवला. "दादा, बैल नको," तो म्हणाला.

"का रे?"

"मला गोल फिरून चक्कर येते."

भाऊजी बघतच राहिले. "चक्कर येते? कधीपासून?"

रघूने नीट विचार केला. "पहिल्यापासून," तो म्हणाला.

"अरे मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुला इंजिन आवडत नाही ना. सगळ्या इंजिनांना नावं ठेवतोस. मी म्हटलं, दादाला नको तर नको…"

भाऊजींचा घास हातातच राहिला. ताईला आधी हसू फुटलं, मग डोळ्याला पदर लावून ती आत निघून गेली. मी वेड्यासारखी हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. भाऊजींची ती खोटी निंदा सगळ्या गावाने ओळखली होती. खरी मानली ती एकट्या रघूने. आणि भाऊ नाराज होऊ नये म्हणून वर्षानुवर्षं मुकाट्याने गोल फिरत राहिला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही वसईला दुकानात गेलो, भाऊजी, ताई आणि मी. दुकानदार भाऊजींना चांगलाच ओळखून होता. "या काका, आज कुठला रुमाल आणलात?" त्याने हसून विचारलं. भाऊजी हसले नाहीत. एकेका इंजिनावरून हात फिरवत म्हणाले, "यातल्या कशाला सगळ्यात जास्त माणूस लागतो?"

दुकानदाराला वाटलं, आपली ऐकण्यात चूक झाली. "कमी म्हणता ना? मग हे हिरवं घ्या. सुरू करा आणि घरी जाऊन झोपा."

"झोपायचं नाहीये मला. ज्याच्यापाशी माणूस बसलाच पाहिजे असं दाखव."

दुकानदाराने बिचकत तांबड्याकडे बोट केलं. त्याला गार ठेवायला शेजारी पाण्याचं पिंप लागायचं. पिंपातलं पाणी तापायचं, उडून जायचं. थोड्या थोड्या वेळाने बादलीने भर घातली नाही तर इंजिन अडकून बसायचं. "हेच दे," भाऊजी म्हणाले. "तुमचं डोकं तापलंय," ताई भर दुकानात म्हणाली. मग भाऊजी तिला बाजूला घेऊन हळूच काहीतरी बोलले. ती परत आली आणि एवढंच म्हणाली, "द्या तेच. रंग बरा आहे."

झालं, वसईभर बोभाटा झाला. अख्ख्या गावाला इंजिनं निवडून देणाऱ्याने स्वतः काय आणलं, तर तांबडं! पास्कूमामा कुंपणावरून ओरडायचे, "काय दामू, चहाला आधण ठेवलंस काय त्या पिंपात?" सल्ला विचारायला येणारे हळूहळू कमी झाले. ज्याने स्वतः माती खाल्ली त्याला काय विचारायचं, असं लोकांना वाटणारच. भाऊजींना त्याचं वाईट वाटलं असणार, नाही कसं? पण उलटून एकदाही बोलले नाहीत. "आमचं जरा नाजूक आहे, रघू आहे म्हणून चालतंय," असं येईल त्याला सांगायचे. रघूला त्यांनी विहिरीपाशी झावळ्यांचा आडोसा करून दिला, बसायला फळी ठोकून दिली. शेवटच्या केळींपर्यंत पाणी पोचू लागलं. ओटीवर पाय पसरून रघू पुन्हा म्हणू लागला, "आज सगळ्या वाडीला पानी पाजलं." चक्कर यायची मात्र थांबली.

परवा ताईकडे गेले होते. वाडीतून फटफट ऐकू येत होती म्हणून मागे गेले. रघू फळीवर बसलेला, केस आता पांढरे झालेत. मी शेजारी बसले. काय बोलावं कळेना, म्हणून विचारलं, "हे फार त्रास देतं का रे?"

"नाही," तो म्हणाला. "मिस्त्री म्हणाला होता, पंपातून एक बारीक नळी इंजिनाला जोडली की गार पानी आपोआप फिरतं. मग पिंप नको, माणूस नको."

"कधी म्हणाला होता?"

"बसवायला आला होता तेव्हाच."

"अरे, मग जोडली का नाही?"

"मीच नको म्हटलं. माणूस लागला नाही, तर दादाला माझी काळजी लागली असती."

गावातल्या प्रत्येक इंजिनाची आतडी ज्यांना पाठ, त्या भाऊजींना ही साधी नळी ठाऊक नव्हती असं कसं होईल? म्हणजे इतकी वर्षं दोघेही ते एकमेकांपासून लपवून बसले होते… रघू पाटाच्या पाण्याकडे बघत होता.

"आता जोडून घेतो म्हणतो," तो म्हणाला. "दादा गेला. आता माझी काळजी करणारं कोण आहे?"

"का रे, मी मेले का?" मागून आवाज आला. चहाचे पेले घेऊन ताई उभी होती, मोकळ्या कपाळाने. तिने एक पेला माझ्या हातात दिला, दुसरा रघूपुढे फळीवर आपटलाच. "नळीबिळी काही जोडायची नाही. ऊठ आधी, पिंप बघ. वाफ यायला लागली."

रघूने चहा तसाच ठेवला, आणि पाटातून बादली भरायला तो लगबगीने उठला.