पार्वतीअक्काची दुसरी भिडू

पार्वतीअक्का गेल्याचं मला मोबाइलवरच्या गावच्या ग्रुपवर कळलं. मी रामनगरला लेकीकडे होते. उघडून बघते तर हात जोडलेल्या चित्रांची रांगच लागलेली. सगळ्यांत शेवटी कळलं ते मला... जिचं घर अक्काच्या भातखाचराच्या पलीकडच्या कडेला आहे, तिला. रडू नंतर आलं, आधी रागच आला.

आम्ही दोघी कुंभारवाड्यात सुना म्हणून आलो. तेव्हापासून दुपारी तिच्या पडवीत कोळशानं पट आखायचा, फोडलेले चिंचोके टाकायचे आणि एकमेकींच्या सोंगट्या मारायच्या, हे ठरलेलं. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं लगीन मोडलं, सगळं त्या पटावरच कळायचं. मग भाच्यानं तिला मोबाइल आणून दिला. रेंजसाठी ती शाळेमागच्या टेकाडावर जाऊन बसायची आणि हळियाळकडच्या कुणा रेणुकाशी लुडो खेळायची. वाल सोलताना तिचं हसणं मला खाली अंगणात ऐकू यायचं... नुसती आग व्हायची अंगाची.

"असं काय नवीन हाय गं त्यात?" एकदा मी विचारलंच.

"काय बी न्हाई. पट तोच, मारामारी तीच. फकस्त समोरचं तोंड दिसत न्हाई."

"मग मी हाय की समोर!"

"तू हरलीस की आठवडाभर फुगून बसतीस," असं म्हणून ती परत फोनमध्ये बघायला लागली.

बाराव्याला ती रेणुका आली. बस चुकली म्हणून कुणाच्या तरी जीपमधून. अक्काला तिनं प्रत्यक्ष कधी बघितलंही नव्हतं. चुलीपाशी माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "छातीत दुखतंय म्हणून अक्का मला कधीपासनं सांगत होती." मला सांगितलं नव्हतं. "का?" मी विचारलं.

"तुमास्नी कळलं तर खेळ बंद करून तुमी तिला निजवूनच ठेवशीला, म्हणायची. आन् आमचा डाव रंगात आला की मधनंच उठायची बगा. 'सुमन वाट बघत असंल.' मला तुमचा लई राग यायचा, मावशी."

मग तिनं फोन काढून अक्कानं स्वतःच्या आवाजात पाठवलेला निरोप लावला.

"रेणुके, चाल की गं लवकर, झोपलीस काय?"

आवाज ऐकून आतून अक्काची सून धावत आली. मी हातातलं भांडं खाली ठेवलं. फोनमध्ये नवीन होतं ते एवढंच. माझ्याशी अक्का जन्मभर समोर बसून बोलली, म्हणून माझ्याकडं तिचा एक शब्द उरला नाही.

तो आवाज मी मागून घेतला. रोज ऐकते. पहिलाच शब्द 'रेणुके' आहे, आणि तो अजून खुपतो. तेवढा गाळून पुढचं ऐकायची सोय फोनमध्ये कुणी केली असेल, तर मला ती अजून सापडलेली नाही.