मामांच्या पायाला न कळलेली चप्पल

डॉक्टरांनी मामांच्या उजव्या तळव्यात सुई टोचली आणि विचारलं, "कळतंय?"

"टोचा की मग," मामा म्हणाले.

सुई आत गेलेली होती. मला दिसत होती. मामांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. माझ्याही नाही.

मग डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात मामांची लघवी घातली आणि नळी तापवली. रंग विटेसारखा झाला. हा डायबेटिस, म्हणजे मधुमेह. पायाला झालाय तो न्यूरायटिस, म्हणजे शिरा बधिर होतात आणि दुखलेलं कळत नाही. अंगठ्याजवळ काळं पडलंय ते गँगरीन, म्हणजे माणूस जिवंत असताना मांस मरतं.

"चार दिवस बघू. नाहीतर गुडघ्याखाली काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले.

मामा मंगळवार पेठेतले पुढारी. महाराजांच्या राज्यात दारोदार फिरून शाळेसाठी पोरं गोळा करणाऱ्यांतले एक. मी त्यांचा भाचा. माझी कामं तीन: छत्री धरणं, भाषणाचे कागद घरी विसरणं आणि त्यांच्या नव्या चपला मऊ करणं. आमचं माप एकच. नवी चप्पल तीन दिवस तेल पाजून, घरात घालून फिरवायची, नाहीतर ती चावते.

वसतिगृहाच्या उद्घाटनासाठी रामजींनी मामांना जोड शिवून दिला होता. रामजी पेठेच्या कोपऱ्यावर चिंचेखाली बसून चपला शिवत. त्यांच्या हातचा जोड भर सभेत घालायचा, असं मामांनी मुद्दाम ठरवलेलं. निम्म्या पेठेला ते रुचलं नव्हतं. ते तीन दिवस मी कुस्त्या बघत होतो. चपलेला तेलाचं बोट लागलं नाही.

"तेल दिलंस का रं?" मामांनी विचारलं होतं.

"व्हय की," मी म्हणालो होतो. उद्घाटनाच्या दिवशी ती चप्पल दिवसभर अंगठ्याजवळ चावत होती आणि मामांना कळलं नाही.

दवाखान्यात पहिला दिवस पट्ट्या बदलण्यात गेला. दुसऱ्या दिवशी पडवी माणसांनी भरली. मामा आत जिवंत होते आणि बाहेर त्यांच्या आठवणी सुरू झाल्या होत्या. पटकीच्या साथीत त्यांनी एकट्यानं विहीर उपसली, असं एक जण म्हणाला. मी तिथं होतो. मामा काठावर उभे राहून ओरडत होते, आत मी होतो.

मग तालमीचे वस्ताद म्हणाले, "म्या तवाच बोललो हुतो, त्या रामज्याच्या हातचं पायात घालू नगा म्हणून. आता त्येला चिंचंखाली बसू द्यायचा न्हाई."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. सवयीनं.

रामजी फाटकाबाहेर उन्हात बसून होते. आत यायचं धाडस त्यांना होत नव्हतं. मी दोनदा त्यांच्यासमोरून गेलो. "सायेब कसं हायती?" एवढंच त्यांनी दोन्ही वेळा विचारलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर पट्टी सोडून बघून म्हणाले, "उद्या सकाळी काढू." ते गेल्यावर मी मामांना सांगितलं, "तेल दिलं न्हवतं."

मामांनी पायाकडं बघितलं. "एक दिवसबी न्हाई?"

"न्हाई. कुस्त्यांला गेलतो."

"शेवटची कुणी मारली?"

"बरोबरीत सोडवली."

"म्हंजे तेबी फुकटच," मामा म्हणाले. मग म्हणाले, "मला सांगून काय उपेग? पडवीत जाऊन सांग. आन् मी गेल्यावर लोक आठवणी विचारतील, तवा पयली हीच सांगायची."

मी पडवीत जाऊन सांगितलं. वस्तादांनी कानाखाली एक ठेवून दिली. वाजलेली ऐकू आली, लागली नाही. मग ते फाटकापर्यंत गेले. "ऊन लागतंय रामजी," म्हणाले, "आत येऊन बसा."

सकाळी क्लोरोफॉर्म दिला, म्हणजे हुंगवून शुद्ध घालवायचं औषध. दुपारपर्यंत पाय गेला होता.

घरच्या कुणाला हा आजार असेल तर एवढं करा. रोज त्यांचे तळवे, बोटांच्या बेचक्या उजेडात डोळ्यांनी बघा. दुखत नाही म्हणाले तर विश्वास ठेवू नका. त्या डॉक्टरांचे उपकार, की त्यांनी हे मला बसवून शिकवलं. मला बसवून शिकवावं लागतं.

पुढं रामजींनी मामांसाठी डाव्या पायाची एकच चप्पल शिवली. मी तिला तीन दिवस तेल पाजलं आणि एका पायात घालून घरभर लंगडत फिरलो. मामा खाटेवरून बघत होते. "आजून एक फेरी," म्हणाले.

दोन वर्षांनी मामा छातीच्या दुखण्यानं गेले. तोवर रोज संध्याकाळी दिवे लावायच्या आधी मी त्यांचा डावा पाय मांडीवर घेऊन बघत होतो. शेवटच्या दिवशीही बघितला. त्यावर एक ओरखडा नव्हता.